सवयींचा उपदेश आणि वीटभट्टीचा बयाणा

पालकांस उपदेश करण्याचा उद्योग आपल्याकडे अलीकडे फार भरभराटीस आला आहे. मुलास लवकर निजवावें, वेळेवर उठवावें, जेवणापूर्वीं त्याचे हात धुवावे, ठरलेल्या वेळीं ताजें अन्न द्यावें, त्याच्याशीं रोज घटकाभर बोलावें, त्यास मोकळ्या हवेंत खेळूं द्यावें, पडद्यासमोर बसवूं नये, ही नामावळी व्याख्यानांतून, भित्तिपत्रकांतून आणि शाळांच्या पालकसभांतून इतक्या वेळां म्हटली जाते कीं, तिला आतां स्तोत्राचें रूप येऊं लागलें आहे. या नामावळींतील एकहि कलम खोटें नाहीं. वैद्यकशास्त्राचा त्यांस आधार आहे, आणि आपल्या आज्यांचाहि होता. माझा वाद या कलमांशीं नाहीं. तीं कोणास ऐकविलीं जातात आणि काय गृहीत धरून ऐकविलीं जातात, याच्याशीं माझा वाद आहे. उपदेशकाच्या डोळ्यांपुढें एक घर असतें. त्या घरांत नळाला पाणी येतें, आई निदान सायंकाळीं तरी घरीं असते, आणि तें घर दिवाळींत जेथें असतें तेथेंच होळींतहि असतें. हें शेवटचें गृहीत इतकें स्वाभाविक वाटतें कीं, आपण तें धरलें आहे याची जाणीवहि उपदेशकास नसते. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मात्र पुष्कळ मुलांच्या बाबतींत नेमकें तेंच खोटें ठरतें.

सवय म्हणजे काय याचा आधीं थोडा विचार करूं. एखादी कृति चार वेळां केल्यानें तिची सवय होत नाहीं. तीच कृति, त्याच वेळीं, त्याच जागीं, त्याच माणसाच्या नजरेखालीं दिवसेंदिवस घडत गेली म्हणजे ती अंगवळणी पडते. पतंजलीनें अभ्यास दृढ होण्यास दीर्घ काल आणि अखंडपणा या अटी घातल्या त्या योग्यासाठीं. परंतु दोन वर्षांच्या बालकाच्या हात धुण्यासहि त्याच अटी लागू आहेत. सवयीस स्थैर्य लागतें, आणि स्थैर्य ही आईच्या प्रेमानें किंवा बापाच्या शहाणपणानें निर्माण होणारी वस्तु नव्हे. ती उपजीविकेंतून येते. ज्याचें पोट एका जागीं भरतें त्याच्या घराला वेळापत्रक असतें. ज्याला पोटामागें फिरावें लागतें त्याच्या घराला घरपणच अर्धें वर्ष नसतें, मग वेळापत्रक कोठून असणार? सद्गुण सवयीनें येतो असें ॲरिस्टॉटलनें प्रतिपादिलें खरें, पण त्याच्यासमोर स्वतंत्र नागरिक होते. त्यांची चूल पेटविणारे दास त्या चर्चेंत नव्हते.

आधुनिक पालकोपदेशाचें एक मूळ जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या १६९३ सालच्या शिक्षणविषयक ग्रंथांत सांपडतें. मुलास मोकळी हवा, भरपूर झोंप आणि साधें अन्न द्यावें, त्याचे पाय रोज थंड पाण्यानें धुवावे, आणि उपदेशापेक्षां सवयीनें त्याला घडवावें, असें त्यानें एका जमीनदार मित्रास त्याच्या मुलाविषयीं पत्रांतून लिहिलें होतें. त्याच पत्रांचा हा ग्रंथ झाला. याच लॉकनें चार वर्षांनीं, १६९७ सालीं, सरकारी व्यापारमंडळाचा सभासद या नात्यानें दरिद्री लोकांविषयीं एक योजना लिहिली. तींत तीन ते चौदा वर्षांपर्यंतच्या गरिबांच्या मुलांसाठीं कामाच्या शाळा काढाव्या, त्यांस तेथें सूत कातण्यासारख्या कामास लावावें, पोटाला भाकर द्यावी, थंडीच्या दिवसांत जरूर वाटल्यास पातळ पेज द्यावी, आणि अशा रीतीनें त्यांच्या आयांस मजुरीसाठीं मोकळें करावें, असें सुचविलें आहे. एकाच लेखणीनें सभ्य गृहस्थाच्या मुलास सवयी दिल्या आणि मजुराच्या मुलास चरखा दिला. लॉकला दोष देण्यासाठीं मी हें सांगत नाहीं; त्यास निदान दोन मुलांतील भेद दिसत होता आणि तो त्यानें कागदावर मांडला. आपण जमीनदाराच्या मुलासाठीं लिहिलेलें पुस्तक मजुराच्या झोंपडींत वाचून दाखवितों, आणि तें तेथें लागू पडत नाहीं म्हणून मजुरासच अडाणी म्हणतों.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसले आहेत. एकीकडे माहुलीचे सुळके, दुसरीकडे नाणेघाट आणि माळशेज. पाऊस येथें धोधो पडतो, पण चार महिन्यांत पडून उतारावरून वाहून जातो. ठाकूर, महादेव कोळी, वारली यांच्या आणि इतर लहान शेतकऱ्यांच्या वांट्यास भाताचें एक पीक आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरी येते. कातकऱ्यांपैकीं बहुतेकांस तेवढीहि जमीन नाहीं. दुसऱ्या पिकास पाणी नाहीं, म्हणून दुसऱ्या हंगामास काम नाहीं. ‘पाणी नाहीं’ हे शब्द या तालुक्यांविषयीं लिहितांना लेखणी अडखळावी असे आहेत. शहापूर तालुक्यांतील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे, आणि भातसा धरणहि याच तालुक्यांत आहे. मुरबाडच्या अंगास असलेल्या बारवी धरणाचें पाणी कारखान्यांस आणि खाडीकांठच्या शहरांस जातें. त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेंत मांडलेले असतात. ज्या आईनें तो हंडा डोक्यावरून आणला आहे, तिला ‘मुलाचे हात साबण लावून वाहत्या पाण्याखालीं धुवा’ असें सांगणाऱ्यानें तें वाहतें पाणी कोणीकडे वाहत गेलें हें प्रथम सांगावें.

परंतु पाण्याहूनहि मोठें संकट स्थलांतराचें आहे. पावसाळ्यांत घरांतला दाणा संपत आलेला असतां, आजारपणासाठीं किंवा लग्नासाठीं पैसा लागला असतां, भट्टीमालकाचा मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देऊन जातो. हाच बयाणा. तो घेतला म्हणजे पुढच्या सहा-सात महिन्यांचा सौदा झाला. भात झोडून झालें, दिवाळी आटोपली, कीं बिऱ्हाड भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर निघतें आणि पहिला पाऊस पडेपर्यंत परतत नाहीं. एकटा बाप जात नाहीं; विटा पाडण्याचें काम जोडीचें असल्यामुळें आईहि जाते, आणि आई गेली म्हणजे अंगावरचें मूल जातें, आणि त्याला सांभाळावयास त्याच्याहून मोठी बहीणहि जाते. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी नष्ट केली. तेव्हांच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत लग्नाच्या कर्जापायीं आयुष्य गहाण टाकणारे लग्नगडी असत, त्यांची बेडी १९४५ च्या वारल्यांच्या उठावानें तोडली. बयाण्याचें बंधन त्या बेडीइतकें उघड नाहीं, पण हिशेब पुरा झाल्यावांचून माणूस भट्टी सोडूं शकत नाहीं, एवढें तिच्याशीं त्याचें नातें आहे.

आतां उपदेशाची ती नामावळी हातीं घेऊन भट्टीवरचा एक दिवस पाहूं. तीन-चार वर्षांच्या मुलास दहा ते तेरा तास झोंप पाहिजे, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें. भट्टीवर ऊन चढण्यापूर्वीं विटा पाडून व्हावयाच्या, म्हणून काम पहाटेच्या पुष्कळ आधीं सुरू होतें. आई अंधारांत उठली म्हणजे लहानगें उठतें, आणि भोंग्यांतून बाहेर येऊन मातीच्या ढिगाशेजारीं पुन्हा आडवें होतें. सहा महिन्यांनंतर बालकास आईच्या दुधाबरोबर वरचें अन्न द्यावें, नऊ महिन्यांपुढें दिवसांतून तीन-चार वेळां द्यावें, हें शास्त्र आहे. कारण त्याचें पोट लहान असतें आणि एका जेवणांत त्यांत पुरेसें मावत नाहीं. पण आईचे हात कोपरापर्यंत चिखलांत आहेत, आणि पाडलेल्या विटांच्या संख्येवर तिची मजुरी आहे. प्रत्येक घास भरविण्याची किंमत तिला विटांत मोजावी लागते. घरचें ताजें अन्न द्यावें, तर आठवड्याच्या खर्चींतून जेवढें येईल तेवढेंच अन्न. मुलाशीं बोलावें, तर बोलण्याइतकें त्राण संध्याकाळीं उरलें पाहिजे. मोठ्या मुलास अभ्यासाची सवय लावावी, तर त्याची शाळा मागें पाड्यावर राहिली, आणि तें ओल्या विटा उलटीत आहे. आई-बाप निष्काळजी आहेत म्हणून हें घडत नाहीं. उपाशी राहूं नये एवढी काळजी त्यांनीं घेतली म्हणून घडतें.

यावर पहिला आक्षेप अज्ञानाचा येतो. या लोकांस आहार कळत नाहीं, म्हणून त्यांस शिकविलें पाहिजे, असें सांगितलें जातें. ज्यांस असें वाटतें त्यांनीं आषाढ-श्रावणांत या पाड्यांवरची चूल पाहावी. पहिल्या सरीबरोबर शेवळें येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कोरला. ओहोळांतले मासे येतात, शेतांतले खेकडे येतात. नाचणीची भाकर असते. कोणत्या पाल्याची खाज कोणत्या आंबटानें मारावी, हें तेथील लहान मुलीसहि ठाऊक असतें. याच नाचणीस आपण कालपर्यंत गरिबांचें अन्न म्हणून नाक मुरडीत होतों. २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष साजरें केल्यावर ती सुंदर पिशवींतून शहरांतील दुकानीं आली. ज्ञान त्यांच्यापाशीं होतेंच. तें वापरण्यास गांव लागतो, रान लागतें आणि घरीं थांबतां यावें लागतें. गंमत अशी कीं, आपला राष्ट्रीय पोषणमास २०१८ पासून सप्टेंबरच्या सुमारास साजरा होतो. त्या वेळीं या आया घरीं असतात, रानांत भाजी असते, अंगणवाडी दारांत असते. तेव्हां फलक लागतात, भाषणें होतात. ज्या महिन्यांत मूल खरोखर वाळतें, त्या महिन्यांत फलक पाड्यावर असतो आणि मूल भट्टीवर असतें.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे, आणि तो आपल्या वाङ्मयाच्या आधारानें केला जातो. दारिद्र्य म्हणजे कुसंस्कार नव्हे, श्यामच्या आईस काय श्रीमंती होती, असें विचारलें जातें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकानें मराठी मनांत संगोपनाचा आदर्श उभा केला, आणि तो आदर्श थोर आहे याविषयीं वाद नाहीं. पण आक्षेपकांनीं तें पुस्तक जरा नीट वाचावें. श्यामची आई कर्जानें गांजली, पण तिचें पालगड सुटलें नाहीं. मुलास वळण लावण्यास लागणारी अंगण, पाणवठा, देऊळ, शेजार ही सगळी सामग्री तिच्याभोंवतीं होती. दारिद्र्यांतहि संस्कार होतात, हें खरें. परंतु मुळें उपटलेल्या दारिद्र्यांत संस्कार होत राहतील ही अपेक्षा त्या माउलीच्या नांवावर खपवूं नये.

तिसरा उपाय व्यवहारी लोक सुचवितात: मुलांस आश्रमशाळेंत किंवा हंगामी वसतिगृहांत ठेवावें आणि आई-बापांस भट्टीवर जाऊं द्यावें. शाळा बुडण्यापेक्षां हें बरें, इतकें मी मान्य करतों. कित्येक मुलें याच वाटेनें शिकलीं आहेत. परंतु हा संगोपनाचा उपाय आहे असें कृपा करून कोणी म्हणूं नये. अंगावर पिणारें मूल वसतिगृहांत राहूं शकत नाहीं, आणि मेंदूच्या व शरीराच्या वाढीचा पाया तर पहिल्या दोन वर्षांतच घातला जातो. सात वर्षांचें मूल राहूं शकतें, पण मग आई-बाप त्याच्या आयुष्यांत पाहुणे होतात. एका बाजूनें ‘मुलास वेळ द्या’ म्हणावयाचें आणि दुसऱ्या बाजूनें मूल आणि पालक यांस निरनिराळ्या ठिकाणीं पाठविण्याची व्यवस्था सुधारीत बसावयाचें, यांतील विसंगति कोणाच्याच लक्षांत येऊं नये हें नवल आहे.

मग पालकांची कांहींच जबाबदारी नाहीं काय? आहे, आणि ती झांकून ठेवणें हा त्यांचा अपमानच होय. दारू भट्टीनें शिकविली नाहीं. हाताशीं आलेल्या खर्चींतला वांटा बाप गुत्त्यावर देतो तेव्हां तो मुलाच्या ताटांतून देतो. मिश्री आणि तंबाखू गर्भारपणांतहि सुटत नाहीं, हा दोष घरचाच. मुलगी सोळाव्या वर्षीं संसारास लावली म्हणजे तिचें मूल दुबळें निपजतें, हें पाड्यावरच्या सुइणीसहि माहीत असतें. रडणाऱ्या मुलाच्या हातांत भाकरीऐवजीं पांच रुपयांचें चकचकीत पाकीट देणें सोपें असतें, आणि तें आतां प्रत्येक वाडीवरच्या टपरींत लटकत असतें. या गोष्टी पालकांच्या हातांतल्या आहेत, आणि त्या त्यांस रोखठोक सांगितल्याच पाहिजेत. पण त्या सांगण्याचा अधिकार ज्यानें दुसरी बाजूहि तितक्याच रोखठोकपणें मालकास, ठेकेदारास आणि सरकारास सांगितली आहे, त्यालाच पोंचतो. दुबळ्यापुढें कडक आणि बळवंतापुढें मूक, अशा उपदेशास शिक्षण म्हणतां येत नाहीं.

हें काम कसें करावयाचें याचें उदाहरण शोधण्यास आपणांस विलायतेस जावयाचें कारण नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचें काम आरंभिलें, अनुताई वाघ तेथें त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढें तें काम आदिवासींच्या वस्तींत कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तो भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. बालवाडी मुलांपर्यंत पोंचत नाहीं असें दिसलें तेव्हां त्यांनीं ती मुलांच्या अंगणांतच नेली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतूनच आला. मोठी बहीण धाकट्यास सांभाळण्यापायीं शाळा चुकविते असें दिसलें, तेव्हां त्यांनीं शाळेस पाळणाघर जोडलें. मुलें गुरांमागें रानांत जातात असें दिसलें, तेव्हां त्यांनीं कुरणशाळा काढली. ‘पालकांनीं सुधारावें’ असा ठराव करून त्या थांबल्या नाहींत. पालकाचें पोट जेथें भरतें तेथें शाळेनें जावें, हें त्यांनीं आपलें कर्तव्य मानलें. हीच दृष्टि ठेवून विधायक संसदेनें वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. या बायांनीं आणि कार्यकर्त्यांनीं मुलांस सवयी लावल्या, कारण त्यांनीं आधीं संस्थेच्या सवयी मोडल्या.

आतां करावयाचें काय? पहिली गोष्ट, गांवांतच काम. मागेल त्यास काम देण्याचा कायदा देशांत प्रथम महाराष्ट्रानें १९७७ सालीं केला. केंद्रानें तसा कायदा २००५ सालीं केला, आणि सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें कामावर आल्यास त्यांस सांभाळण्यास एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावें अशी तरतूदहि त्यांत घातली. तत्त्व आपण पन्नास वर्षांपूर्वींच मान्य केलें आहे. बयाणा पावसाळ्यांत हातीं पडतो आणि सरकारी कामाची मजुरी उशिरां पडते, हा सगळा झगडा आहे. म्हणून बांध, शेततळीं, पाझर यांचीं कामें भाद्रपदांतच मुक्रर होऊन पाड्यांवर जाहीर व्हावीं, दिवाळी उलटतांच तीं सुरू व्हावीं, आणि मजुरी आठवड्याच्या बाजाराआधीं मिळावी. मग मुकादमास पाड्यावर कोणी विचारणार नाहीं. दुसरी गोष्ट, या तालुक्यांतून शहरांस जाणाऱ्या पाण्यांतील पहिला हंडा याच पाड्यांचा असावा. तिसरी, तरीहि जीं कुटुंबें जातील त्यांच्या मुलाची वजनाची नोंद, लशी, आहार आणि शाळा हीं त्याच्याबरोबर भट्टीवर पोंचावीं, आणि सावलीची जागा, पिण्याचें पाणी व मुलें सांभाळणारी बाई यांवांचून एकाहि भट्टीस परवानगी मिळूं नये. वीट ज्या शहरांत जाते त्या शहरानें या खर्चाची कुरकुर करूं नये. त्याच्या भिंती त्या मुलांच्या झोंपेवर उभ्या आहेत.

आणि पालकशिक्षणाचे जे पुरस्कर्ते आहेत, ज्यांच्यांत आम्ही प्राध्यापक आणि आमचीं शिबिरें भरविणारीं महाविद्यालयेंहि आलीं, त्यांनीं शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हात धुण्याचीं घोषवाक्यें रंगविण्यापूर्वीं स्वतःस एक सवय लावून घ्यावी. दरवर्षीं कार्तिकांत त्या पाड्यांवर जाऊन किती घरांस कुलुपें लागलीं तें मोजावें, कोणत्या मुलास किती रुपयांच्या बयाण्यापायीं गांव सोडावा लागला तें विचारावें, आणि तो आंकडा तहसीलदाराच्या टेबलावर ठेवून उत्तर मिळेपर्यंत तेथून उठूं नये. ही सवय दीर्घ काल आणि अखंड चालली, तर त्या मुलांच्या सवयींची काळजी त्यांच्या आया घेतील. त्यांस तें पूर्वींपासून येतें.